झाडाआडचा माणूस

समुद्राकाठी जाग येते. पहाटेचा निळसर उजेड, पायाखाली ओली वाळू. पाठीवरच्या पिशवीत एक पट्टी, वेदनाशामक गोळ्या आणि टॉर्च. नकाशा नाही. कुठे जायचं हे कुणी सांगत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात गुणांचा आकडा नाही, मागे संगीत नाही. लाटा आणि वारा, एवढंच. २०१२च्या पावसाळ्यात, पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत, मी पहिल्यांदा 'डे-झी' हा खेळ संगणकावर सुरू केला तेव्हा पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. काहीतरी सुरू होईल याची वाट बघत होतो.

काहीच सुरू झालं नाही. मग चालू लागलो. पहिलं गाव लागायला अर्धा तास गेला. गल्ल्यांतून मेलेली माणसं झोकांड्या देत फिरत होती. त्यांच्या नजरेत येऊ नये म्हणून पोटावर सरपटत एका कोठारात शिरलो. तिथे घेवड्याचा एक डबा मिळाला आणि एक जुनी ली-एनफिल्ड रायफल. आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री. दहा गोळ्या. आनंदाने छाती धडधडत होती.

तेवढ्यात कुंपणापलीकडच्या झाडाआडून एक माणूस बाहेर आला. हा झॉम्बी नव्हता. झॉम्बी असे थांबून बघत नाहीत. जगाच्या कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी खोलीत बसून कुणीतरी त्याला चालवत होतं. माझ्या कानात खरखरत एकच शब्द आला: 'फ्रेंडली?'

त्याचे हात रिकामे होते. पिशवीत काय आहे ते दिसत नव्हतं. मी उत्तर दिलं नाही, चाप ओढला.

त्याची पिशवी उघडून पाहिली. पाण्याची अर्धी बाटली, एक पट्टी, टॉर्च. माझ्यासारखाच नुकताच किनाऱ्यावरून आला होता. एवढ्यात गोळीच्या आवाजाने गावातले सगळे झॉम्बी कोठाराकडे धावत सुटले, आणि मीही त्याची बाटली तिथेच टाकून रानात पळालो. त्या रात्री संगणक बंद केल्यावर बराच वेळ मी अंधारात बसून होतो. आजवर खेळांत हजारो बाहुली मारली असतील, त्यांतल्या एकाचाही आवाज मला आठवत नाही. या एकाचा आठवतो.

हा लेख त्या एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द खेळात कुणी लिहिलेला नव्हता.

'डे-झी' बनवणारा डीन हॉल हा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या ओमारू गावचा. आधी हवाई दलात होता, पुढे लष्करात अधिकारी झाला. २०१० साली सिंगापूरच्या सैन्याबरोबरच्या देवाणघेवाणीतून तो ब्रुनेईच्या जंगलात जगून दाखवण्याच्या प्रशिक्षणाला गेला. तिथे उपासमारीने त्याचं वजन झपाट्याने उतरलं, शरीराला इतकी इजा झाली की पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. भुकेला माणूस कसा विचार करतो, किती लहान लहान गोष्टींचा हिशेब मांडतो, हे तो तिथे स्वतःच्या देहावर शिकला. खेळ बनवणाऱ्या बहुतेकांची भूक कल्पनेतली असते. याची तशी नव्हती, आणि मला वाटतं 'डे-झी'तला प्रत्येक डबा त्यामुळेच इतका जड लागतो.

हॉलपाशी स्वतःचा खेळ उभा करायला पैसा नव्हता, माणसं नव्हती. होता तो दुसऱ्याचा खेळ. चेक प्रजासत्ताकातल्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीने २००९मध्ये 'आर्मा २' आणला होता. ही युद्धाची अतिशय काटेकोर नक्कल. गोळी अंतरावर खाली झुकते, धावून दमलेल्या सैनिकाचा नेम हलतो, शत्रू दिसायच्या आधी मरण येतं. याच घराण्यातलं सॉफ्टवेअर अनेक देशांची सैन्यं सरावासाठी वापरतात. अशा खेळावर हौशी लोक स्वतःचं कलम बांधतात, त्याला 'मॉड' म्हणतात; ते फुकट वाटलं जातं. हॉल तेव्हा कंत्राटावर बोहेमियासाठी 'आर्मा ३'चं काम करत होता आणि उरलेल्या वेळात हे कलम वाढवत होता. २०१२च्या वसंतात ते लोकांच्या हाती पडलं. ऑगस्टपर्यंत खेळणाऱ्यांची संख्या दहा लाखांवर गेली. तीन वर्षं जुना, रुक्ष म्हणून ओळखला जाणारा 'आर्मा २' त्यासाठी लोक विकत घेऊ लागले आणि तो स्टीम या दुकानाच्या विक्रीच्या यादीत पहिला आला.

या घाईच्या, पदरमोडीच्या कामात झॉम्बी फारसे चांगले जमले नव्हते. ते भिंतींतून आरपार जात. मैदानात सुसाट धावत, पण घरात शिरले की संथ चालीने चालत, कारण मूळ खेळाच्या यंत्रणेला घरातली हालचाल झेपत नव्हती. खेळाडूंना हे लगेच कळलं: मागे लागले तर घरात शिरा, वळा, मारा. म्हणजे ज्याच्या नावावर खेळ विकला जात होता तो राक्षस दोन दिवसांत ओळखीचा झाला. ओळखीच्या गोष्टीची भीती उरत नाही.

तरी झॉम्बी काढून टाका, खेळ कोसळेल. ते तिथे आवाजाची किंमत वसूल करायला आहेत. गोळी झाडली की आसपासचे सगळे येतात. थ्री-नॉट-थ्री तर यासाठी कुप्रसिद्धच होती. ती झाडणं म्हणजे गावात दवंडी पिटणं. शिवाय जिथे झॉम्बी हिंडताहेत तिथे कुणीतरी माणूस जवळ आहे, कारण यंत्रणा त्यांना माणसांच्या आसपासच उत्पन्न करते. मुरलेला खेळाडू रिकामं गाव आणि झॉम्बींचं गाव यांतला फरक दुर्बिणीतून वाचतो. मेलेल्यांचा उपयोग जिवंतांचा माग काढायला.

खरी भीती जिवंत माणसांची असते, हे चित्रपट-दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोला आधीच उमगलं होतं. १९६८च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये पिट्सबर्गजवळच्या एका शेतघरात सात माणसं अडकतात. बाहेर प्रेतं दारं ठोठावताहेत आणि आत भांडण चाललंय ते तळघरात लपायचं की वर राहून लढायचं यावर. रात्रभर प्रेतांपासून वाचलेला नायक सकाळी मरतो तो माणसांच्याच गोळीने. पण रोमेरोच्या हातात पटकथा होती. कोण कधी घाबरेल, कोण दार उघडणार नाही, हे त्याने ठरवलं. हॉलने यातलं काहीच ठरवलं नाही. त्याने भूक, तहान, थंडी, रक्त यांचे आकडे ठेवले, डबे आणि बंदुका कमी-जास्त पेरल्या, आणि एकदा मेलात की सगळं गेलं, पुन्हा किनाऱ्यावर, असा एकच निष्ठुर नियम केला. बाकीचा संघर्ष लोकांनी स्वतः आणला.

का आणला, याचं उत्तर मला एका अर्थशास्त्रज्ञाकडे सापडलं. टॉमस शेलिंग यांनी १९६०च्या 'द स्ट्रॅटेजी ऑफ कॉन्फ्लिक्ट' या पुस्तकात एक प्रसंग मांडला आहे. रात्री खालून आवाज येतो, घरमालक पिस्तूल घेऊन जिना उतरतो, समोर चोर, त्याच्याही हातात पिस्तूल. चोराला गुपचूप निघून जायचंय. मालकालाही तो जायलाच हवाय. दोघांनाही रक्तपात नको. पण चोराला वाटेल की मालक आपल्याला मारणार, मालकाला वाटेल की चोराला तसं वाटतंय म्हणून तो आधी मारणार, आणि चोराला हेही ठाऊक आहे की मालक असा विचार करत असेल. या आरशांत कुणीही दुष्ट नसताना गोळी सुटते. शेलिंग यांना पुढे २००५मध्ये नोबेल मिळालं. त्यांच्यापुढचा प्रश्न अणुबॉम्बचा होता. मी कोठाराच्या दारात उभा होतो तेव्हा माझ्यापुढे नेमका तोच प्रश्न घेवड्याच्या एका डब्याएवढ्या आकाराचा होता.

यातून सुटायचा रस्ताही अभ्यासकांनी शोधला आहे. रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणक कार्यक्रमांच्या स्पर्धा लावल्या. प्रत्येक कार्यक्रमाने दुसऱ्याशी पुन्हा पुन्हा व्यवहार करायचा, दर वेळी साथ द्यायची की दगा हे ठरवायचं. 'जशास तसे' हा सगळ्यांत साधा कार्यक्रम जिंकला. आधी साथ द्या, मग समोरचा करील तसं करा. पण हे चालतं ते उद्या पुन्हा गाठ पडणार असेल तर. 'डे-झी'च्या रानात उद्या नाही. बऱ्याच सर्व्हरवर माणसाच्या डोक्यावर नावाची पाटी नसते. ज्याने काल मदत केली तो आज दुसऱ्या कपड्यांत आला तर ओळखू येत नाही. पंचवीस-तीस ओळखीची माणसं रोज एकाच खाजगी सर्व्हरवर येतात तिथे मात्र हाच खेळ, याच बंदुका, हीच भूक असूनही वस्त्या उभ्या राहतात, कुणी वैद्य होतो, कुणी व्यापार मांडतो, दगा देणाऱ्याची बातमी पसरते. माणसाचा स्वभाव बदलला नाही, आठवण आली एवढंच.

हॉलने एकदा ही आठवण नियमात बसवून पाहिली. प्रत्येकाच्या नावावर माणुसकीचा एक आकडा ठेवला. निरपराधांना मारत सुटलात की तो घसरे आणि तुमचा पेहराव आपोआप लुटारूचा होई. लांबूनच लोकांना कळावं की हा कोण. कल्पना न्यायाची वाटते. घडलं असं, की आपला जीव वाचवण्यासाठी ज्याने गोळी झाडली तोही लुटारू दिसू लागला, आणि दिसला की लोक त्याला मारू लागले, म्हणून तो खरोखरच आधी मारू लागला. यंत्रणेला गोळी मोजता येते, हेतू मोजता येत नाही. हा पेहराव काढला गेला, पुढे वेगळ्या रूपात परत आला. मला या फसलेल्या प्रयोगाबद्दल फार आदर आहे. कपाळावर शिक्का मारून माणूस ओळखता येईल हा मोह राज्यकर्त्यांनाही सुटलेला नाही. इथे एका माणसाने तो प्रयोग करून पाहिला आणि चालत नाही म्हटल्यावर मागे घेतला.

जे नियम टिकले ते फार बारीक होते. आजारी माणूस खोकतो, आणि तो खोकला लपून बसलेल्या सोबत्याचाही जीव घेतो. प्रेतावर माश्या घोंघावतात; कोठारात शिरण्याआधी तो आवाज आला तर समजावं की इथे काही वेळापूर्वी कुणीतरी होतं आणि कदाचित अजून आहे. रक्त कमी होत गेलं की पडद्यावरचे रंग विझत जातात आणि शेवटी जग करडं होतं. मांस शिजवून खाल्लं तर थोडं भरून येतं, पण झटपट भरून काढायचं तर रक्ताची पिशवी हवी. आणि ती स्वतःची स्वतःला लावता येत नसे. मला विचाराल तर संपूर्ण खेळातला हा सर्वांत धाडसी निर्णय. ज्याला भिऊन तुम्ही रानातून फिरताय त्याच्याच हातात तुमचं औषध दिलेलं. पुढच्या काळात खेळात माणसाला बेड्या घालता येऊ लागल्या, जबरदस्तीने काहीही खाऊ घालता येऊ लागलं, माणसाचं मांस खाल्लं तर मेंदूचा रोग जडून पात्र थरथरतं, हसत सुटतं. त्यावर पुष्कळ चर्चा झाली. मला मात्र ती रक्ताची पिशवी जास्त काही सांगते.

ही सगळी माणसं ज्या भूमीवर एकमेकांना भितात तिचं नाव चेर्नारस. २२५ चौरस किलोमीटर. नावं आणि पाट्या माजी सोव्हिएत देशाच्या धाटणीच्या, पण टेकड्या आणि गावांच्या जागा उत्तर बोहेमियातल्या उस्ती नाद लाबेमजवळच्या खऱ्या मुलखावरून उचललेल्या. खऱ्या मुलखात लाबे नदी वाहते, खेळात तिच्या जागी समुद्र आहे. या मुलखात शतकानुशतकं जर्मनभाषक आणि चेकभाषक शेजारी राहत होते. दुसरं महायुद्ध संपल्यावर जर्मनभाषकांना हाकलण्यात आलं, तेव्हा त्यांना दंडावर पांढरी पट्टी बांधावी लागे. ३१ जुलै १९४५ रोजी क्रास्ने ब्रेझ्नोच्या दारूगोळा डेपोत स्फोट झाला, घातपाताची अफवा उठली, आणि उस्तीत पांढरी पट्टी दिसेल त्याला मारण्यात आलं. पुलावरून नदीत फेकण्यात आलं. खेळ बनवणाऱ्यांच्या मनात हा इतिहास होता असं मी म्हणत नाही. उंचसखल आणि ओळखीचा भूभाग त्यांना हवा होता. पण हे वाचल्यानंतर चेर्नारसमधली ओस घरं मला पहिल्यासारखी दिसत नाहीत.

खऱ्या भूमीची उसनवारी बोहेमियाला एकदा फार महाग पडली. 'आर्मा ३'साठी त्यांनी ग्रीसचं लेम्नोस बेट निवडलं होतं. सप्टेंबर २०१२मध्ये तिथे गेलेले त्यांचे दोन विकासक, इव्हान बुख्ता आणि मार्टिन पेझलर, लष्करी ठिकाणांचे फोटो काढल्याच्या संशयावरून हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले गेले. १२८ दिवस ते ग्रीक तुरुंगात होते. जानेवारी २०१३मध्ये जामिनावर सुटले. कंपनीने बेटाचं नाव बदलून अल्टिस केलं. तुम्ही नक्की कोण आहात, या प्रश्नाला त्या दोघांकडे उत्तर होतं. त्या उत्तरावर जामीन मिळायलाही चार महिने लागले.

याच सुमाराला झॉम्बींच्या आडून माणसांची गोष्ट सांगणारे आणखी दोन मोठे खेळ आले. टेलटेलचा 'द वॉकिंग डेड' २०१२चा, नॉटी डॉगचा 'द लास्ट ऑफ अस' २०१३चा. दोन्ही मी मनापासून खेळलो, दुसऱ्याच्या शेवटाला सुन्न झालो. पण त्यांत निवड करताना पाठीशी लेखक उभा असतो. 'द लास्ट ऑफ अस'चा नायक जोएल जे करतो ते तो करणारच असतो; मी फक्त त्याच्या हाताने करतो. कोठाराच्या दारात मी केलं ते मी केलं.

'डे-झी'ला यश आल्यावर व्हायचं ते झालं. ऑगस्ट २०१२मध्ये स्वतंत्र खेळाची घोषणा झाली. मे २०१३मध्ये हॉल एव्हरेस्ट चढून आला. १६ डिसेंबर २०१३ला अपुऱ्या अवस्थेतला खेळ विक्रीला आला. पहिल्या चोवीस तासांत १,७२,५०० प्रती गेल्या, महिनाभरात दहा लाख. झॉम्बी अजूनही भिंतीतून येत होते. हॉल २०१४मध्ये बाहेर पडला, मायदेशी परतून त्याने स्वतःची कंपनी काढली. जुनी यंत्रणा उकलून नवी बसवण्यात बोहेमियाची वर्षं गेली, आणि पूर्ण म्हणून खेळ बाहेर आला तो १३ डिसेंबर २०१८ला. आधी पैसे भरून वाट पाहत बसलेल्यांचा राग मी समजू शकतो, मीही त्यांच्यात होतो. पण चार भिंतींच्या आत मांडलेली गोष्ट आणि सव्वादोनशे चौरस किलोमीटर रानात कुठेही, कधीही, कुणाशीही घडू शकणारी गोष्ट, यांतली दुसरी बांधणं किती अवघड असतं हे त्या पाच वर्षांत दिसलं.

तोवर या झाडाची एक फांदी थेट आपल्या अंगणात येऊन पोहोचली होती. ब्राझीलमध्ये राहणाऱ्या ब्रेंडन ग्रीन या आयरिश माणसाला 'डे-झी'ने वेड लावलं. २०१३मध्ये त्याने त्यावर आणखी एक कलम बांधलं: सगळ्यांना एका भूमीवर सोडायचं, शेवटी एकच उरायला हवा. २००० सालच्या 'बॅटल रॉयाल' या जपानी चित्रपटावरून त्याने नाव घेतलं. तेच पुढे दक्षिण कोरियात २०१७ला 'पबजी' झालं, २०१८ला मोबाइलवर आलं. त्यानंतरची दोन वर्षं महाराष्ट्रात कुणाला सांगायला नकोत. एसटी स्टँडच्या बाकांवर, वसतिगृहाच्या जिन्यांत, वडापावच्या गाडीमागे चार-चार पोरं माना खाली घालून 'लूट घे, लूट घे', 'झाडामागं आहे रे' म्हणत बसलेली. सप्टेंबर २०२०मध्ये बंदी आली, जुलै २०२१मध्ये भारतापुरतं नवं नाव घेऊन तो परतला.

माझा भाचाही त्यांतलाच. सांगलीला दिवाळीला गेलो की तो मला शेजारी बसवून दाखवायचा. पॅराशूटने उतरणं, ओस पडलेली घरं, दाराआडची शस्त्रं, पूर्व युरोपातल्यासारखी गवताळ टेकडी. मी ओळखलं, ही चेर्नारसची लेक. पण त्या खेळात शंभर माणसं उतरतात तेव्हा कोण कोण आहे हे आधीच ठरलेलं असतं. तुझ्या चमूतले तीन तुझे, उरलेले शहाण्णव वैरी. वर्तुळ आवळत येतं, अर्ध्या तासात निकाल. भूक नाही, थंडी नाही, खोकला नाही. मी भाच्याला विचारलं, समोरच्याला मारायचं नसेल तर? तो माझ्याकडे बघत राहिला. 'मामा, मग तो आपल्याला मारेल ना.' बरोबरच होतं त्याचं. त्याच्या खेळात तो प्रश्न ठेवलेलाच नव्हता. बाजारात जे खपलं ते 'डे-झी'तून शंका वजा करून उरलेलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण त्या शंकेतच सगळा माणूस होता.

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्याला मी माझी दुसरी गोष्ट सांगितली. त्याच २०१२च्या सप्टेंबरातली, गणपतीच्या दिवसांतली. बाहेर ढोलाचा सराव चालू होता. मी चेर्नारसमधल्या बेरेझिनो गावाच्या वरच्या रानात पडलो होतो. गावात कुणीतरी लांबून गोळी घातली होती. पट्टी बांधून रक्त थांबवलं होतं, पण रंग विझून पडदा जवळजवळ करडा झाला होता, आणि दर काही मिनिटांनी शुद्ध जात होती. पाइनच्या झाडांआडून एक जण आला. मी पडल्या पडल्या थ्री-नॉट-थ्री त्याच्यावर रोखली. तो थांबला. त्याचा मायक्रोफोन नसावा, कारण तो काहीच बोलला नाही. त्याने आपली बंदूक पाठीवर टाकली आणि चालत माझ्यापाशी आला. मी चाप ओढला नाही. का नाही, ते अजून नीट सांगता येत नाही. तो गुडघ्यावर बसला. काही सेकंद गेले, आणि पडद्यावर रंग परत आले. आधी गवताचा हिरवा, मग त्याच्या जाकिटाचा तपकिरी, मग त्याच्यामागचं आकाश.

मी आभाराचे दोन शब्द लिहायला कळफलकाकडे वळलो. मान वर केली तेव्हा तो उत्तरेकडे चालू लागला होता. धावत नव्हता, वाकडातिकडा पळत नव्हता. भरलेली बंदूक माझ्या हातात होती, आणि त्याची पाठ माझ्याकडे होती.